बेटावरची पंगत

२२ डिसेंबर, रविवार

पोचले. नांदेडहून सकाळच्या गाडीने किनवट, तिथून जीप, मग अर्धा तास होडी. एक पेटी, दोन पोती, मोजायची टेप, होकायंत्र, कागदाची गुंडाळी, खुणा करायला चुन्याची पिशवी, पिठाचे दोन डबे. सगळं कोरडं उतरलं. मीही.

बेट लांबून पालथ्या कढईसारखं दिसतं. काळं, गोल, कडेला झिजलेलं. धरण होण्याआधी ही नुसती टेकडी होती, गुरं चरायची. पाणी चढलं, गाव उठलं, टेकडी राहिली. आता ती बेट आहे आणि बढती मिळाल्यासारखी ऐटीत बसली आहे. मला पाहताक्षणी आवडली.

होडी नागाबाईंची. साठीच्या असतील. वल्हं मारता मारता बोलतात. मी निलंग्याकडची, भूगोलात एम.ए., लग्न नाही, हे त्यांनी अर्ध्या वाटेत काढून घेतलं. बेटाचा नकाशा करायला आले म्हटल्यावर वल्हं थांबवून विचारलं, बेट काय पळून चाललंय का, कागदावर बांधून ठेवायला? तेव्हापासून मी नकाशावाली.

होडीच्या तळाला दोनदा काहीतरी खरवडलं. पाण्याखाली गेलेल्या गावाचा जुना रस्ता आहे तो, कमरेइतक्या पाण्यात, त्यांच्या काठापासून थेट बेटापर्यंत. नागाबाई त्याच्यावरूनच होडी आणतात. म्हणाल्या, वळखीची वाट कशाला सोडायची.

राहायला पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या माणसाची जुनी खोली. वर पत्रे, एक खिडकी, स्वयंपाकाला कट्टा. फोनला रेंज फक्त माथ्यावर. चढून अप्पांना सांगितलं, पोचले. अप्पा म्हणाले, बरं. मग म्हणाले, अट ध्यानात हाय ना? आहे. एकतीस जानेवारीपर्यंत नकाशा पुरा झाला तर सर मला पीएच.डी.ला घेतील आणि मी नांदेडला राहीन. अर्ध्यात सोडून घरी गेले तर पुन्हा बाहेर पडायचं नाव काढायचं नाही. मागून आई म्हणाली, जेवली का विचारा तिला.

अर्ध्यात सोडून घरी जाणार नाही. हे पहिल्या पानावर लिहून ठेवते.


२४ डिसेंबर, मंगळवार

पाण्याच्या कडेने घेर एक हजार एकशे बारा मीटर. माथा पाण्यापासून अठ्ठावीस मीटर.

सर म्हणाले होते, आकड्यांबरोबर दृश्यही लिही. लिहिते. दक्षिणेचा उतार पायऱ्यांचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यातून लाव्हा आला, पसरला, निवला. पुन्हा आला. एकेक पायरी म्हणजे एकेक वेळ. दोन थरांमध्ये विटकरी मातीचा वीतभर पट्टा आहे. दोन लाव्ह्यांच्या मधली शांतता एवढीच. दगडात वायूचे बुडबुडे अडकले होते, त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेत, दह्याच्या कवडीसारखे. उन्हं तिरपी झाली की उतार लुकलुकतो.

माती थोडी. कुसळी, तरवड, आठ बोरी, एक पळस. पश्चिमेच्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसतात, धुणं वाळत घातल्यासारखे. टिटवी दिवसभर तक्रार करते. दुपारी वारा पडला की पाणी आणि कातळ एकाच रंगाचे होतात, आणि बेट कुठे संपतं ते सांगता येत नाही. तिथे टेप लावावी लागते.

मी इतकी गप्प आणि इतकी खूश एका वेळी कधी नव्हते.


२७ डिसेंबर, शुक्रवार

आज उत्तरेचं टोक. इथे दगडाचे खांब आहेत. लाव्हा निवताना आकसला, तडकला, आणि सहा कडांचे उभे खांब झाले. बाकी सगळीकडे ते एकमेकांना चिकटलेले असतात. इथे मधला दगड झिजून गेलाय आणि ते सुटे उभे आहेत. काही माझ्या उंचीचे, काही खांद्याएवढे. दोन ओळी, समोरासमोर. एक्केचाळीस. दोनदा मोजले. प्रत्येकावर चुन्याने आकडा घातला आणि जागा नकाशात मांडली.

नागाबाई भाजी आणि प्यायचं पाणी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, याला पंगत म्हणतात. कुण्या लग्नाचं वऱ्हाड जेवायला उभं राहिलं ते उभंच हाय. मी विचारलं, वाढलं नाही का कुणी? वाढप्याच न्हाई आला अजून, म्हणाल्या. पाटलाघरची लग्नं अशीच. आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

मग हसू आवरून सांगितलं की मासे धरणारे इथे उतरतात पण डबा सोडत नाहीत. मी खायला हरकत नाही, पोट कुणाला सुटलंय. पण गुमान खायचं. कुणाला या म्हणायचं नाही. मी म्हटलं, इथे आहे कोण या म्हणायला? त्या म्हणाल्या, मी बी तेच म्हणून राहिले.

त्यांनी मासेवाल्यांचा थर्मोकोलचा तराफा दिला, दोरीसकट. त्यावर बसून खोली मोजली. दक्षिणेला कुठेही पुरुषभर. उत्तरेला खांबांच्या पुढे कडा सरळ तुटतो आणि खाली जुन्या नदीचा डोह. चाळीस फूट दोरी संपली, तळ लागला नाही. नकाशात तिथे निळा रंग गडद करणार आहे.


३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या.

आमच्या लातूर जिल्ह्यात आज गावात कुणी नसतं. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, त्यांना पाला-दाण्यांची भज्जी, ताकाचं आंबिल, बाजरीचे उंडे वाढायचे. मग आंबिलाचं मडकं घेऊन शेताच्या कडेने शिंपत फिरायचं, ओलगे ओलगे सालम पोलगे म्हणत. अर्थ कुणाला ठाऊक नाही, चाल सगळ्यांना. जमिनीला वर्षातून एकदा जेवू घालायचं. आणि त्या दिवशी वाटेने जाणारा कुणीही उपाशी जाता कामा नये. ओळखीचा असो नसो, हात वर करून बोलवायचं. अप्पा तर रस्त्यावरच्या एसटीला हात करतात आणि कंडक्टरसकट खाली उतरवतात.

किनवटकडे हा सण नाही. मी कडबा, वाल, हरभरा, ताक मागवलं तेव्हा नागाबाई म्हणाल्या, आवसेला रानात जेवता? तुमच्याकडं घरं न्हाईत का? सगळं आणून दिलं, पण थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत.

एकटीने केलं. कोप गुडघ्याएवढी झाली, पण झाली. पाच दगड बेटाचेच. आंबिल पूर्ण एक हजार एकशे बारा मीटर शिंपलं. मग कोपीसमोर जेवायला बसले. घास उचलला आणि उत्तरेच्या उतारावर, बोरीच्या पलीकडे, कुणीतरी उभं दिसलं. काळं, सडपातळ, न हलणारं. मासेवाला असेल. येळवशीला माणूस दिसलं की आमचा हात आपोआप वर जातो. मी हाक मारली, या जेवायला. तो आला नाही. पुन्हा मारली. म्हटलं, असाल तेवढे या, भज्जी पुष्कळ आहे.

जेवण झाल्यावर पळसाच्या पानावर वाढून घेऊन गेले. तो खांब होता. एकटीच खूप हसले. खांबाला जेवायला बोलवणारी मी जिल्ह्यात पहिली. पान त्याच्या पायाशी ठेवलं. बोलावलं होतं, मग वाढायला नको?

त्याच्यावर माझ्या अक्षरात सतरा आकडा आहे. इतक्या वर कुठला खांब मांडल्याचं आठवत नाही. नकाशात चूक झाली असावी.


३१ डिसेंबर, मंगळवार

नकाशात चूक नाही. ओळीत सोळा आणि अठराच्या मधे एक खड्डा आहे. सहा कडांचा, कडा धारदार, तळाची माती कोरडी. सतरा नंबर तिथून साठ मीटर वर आहे.

पान तसंच होतं. कावळा नाही, मुंगी नाही. उंडा उचलला तर वजन नव्हतं. बोटांत चुरला, राख झाली. भज्जी पण राखच, हिरवी होती तशी दिसणारी.

मला चिडवायला मासेवाल्यांनी केलं असणार. खांब चार माणसांना उचलायचा नाही, पण आठांना उचलेल. नकाशात सतराची जागा खोडून नवी मांडली.

दुपारी जेवले. हात धुऊन वर पाहिलं तर सतरा कोपीच्या जवळ होता. तीस पावलांवर. त्याच्या मागे उतारावर अठरा आणि एकोणीस.

मासेवाले नव्हते. पाण्यावर एक होडी नव्हती. भर दुपार.


२ जानेवारी, गुरुवार

घाबरून काम होत नाही. मोजमाप होतं.

काल सकाळपासून बसून पाहिलं. पाहत असले तर हलत नाहीत. पाठ केली, डोळे मिटले, झोपले, तरी हलत नाहीत. पाणी प्यायले, चहा घेतला, नाहीत. भाकरी वाढून घेतली आणि ताटाकडे पाहिलं, की पुढे.

एका घासाला चार ते पाच पावलं. आवाज नाही. जिथून निघतात तिथे खड्डा राहतो. मधल्या गवताची काडीसुद्धा वाकलेली नसते.

आज मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून जेवायला बसले. अर्धी भाकरी नजर न काढता खाल्ली. एकही हलला नाही. मग भाजी संपली म्हणून पातेल्यात पाहिलं.

एवढंच. नऊ खांब.

मी बोलावलं म्हणून आलेत. यजमान जेवायला बसला की पाहुणा येणार. ठीक आहे. नकाशाचा पश्चिम भाग आज पूर्ण केला.


४ जानेवारी, शनिवार

सरांना फोन केला. म्हणाले, एकटी आहेस, ऊन लागलं असेल, फोटो पाठव. पाठवले. दगडाचा फोटो म्हणजे दगडाचा फोटो. सर म्हणाले, खांब छान आलेत.

सव्वीस. खोलीपासून वीस पावलं. सतरा सगळ्यांत पुढे.

घरी जायचा विचार आला. अप्पांचं तोंड आठवलं. नाही.

नागाबाई आज काठावरच थांबल्या. वर उताराकडे पाहत राहिल्या. विनोद केला नाही. म्हणाल्या, उद्या घरी या, दोन घास गरम खा. तोंड बघा तुमचं.


५ जानेवारी, रविवार

हे नीट लिहायला हवं.

नागाबाईंच्या घरी गेले. मुलगा बजरंग मासे घेऊन बाजारला गेला होता. सून ज्ञानेश्वरी भाकरी करत होती. नागाबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि एकाच ताटात माझ्याबरोबर जेवायला बसल्या. म्हणाल्या, लेकीसारखी हायस, लाजू नको. मी किती दिवसांनी खाली मान घालून, पोटभर जेवले. त्या म्हणाल्या, निलंग्याला पाऊस न्हाई, तरी भूक हाय म्हणायची.

हात धुवायला उठलो तेव्हा ज्ञानेश्वरीने दारातून विचारलं, आपल्या तुरीच्या रानात हे दगड कुणी रवले?

दोन. ओले. अंगावर शेवाळ. त्यांच्यापासून पाण्यापर्यंत जमीन कोरडी. चुना निम्मा धुतला होता पण आकडे वाचता येत होते. सतरा. तेवीस.

पाण्याखालच्या रस्त्याने आले.

नागाबाईंनी आकडे पाहिले. मला रागावल्या नाहीत. कुणाला या म्हणालीस, एवढंच विचारलं. सांगितलं सगळं.  मग म्हणाल्या, पंगत उठल्यावर वाढणारी जेवती. तुझा नंबर शेवटी हाय, पोरी. ज्याच्या पंक्तीला बसशील त्याचा पहिला.

त्यांनीच बेटावर आणून सोडलं.  होडी रस्त्याला घासत होती. उतरताना त्यांचा हात धरला. गार. वल्ह्यावरून बोटं लवकर सुटेनात.


६ जानेवारी, सोमवार

माथ्यावर ज्ञानेश्वरीचा फोन. सासूबाई सकाळी चुलीपुढे बसल्या त्या उठल्या नाहीत. डोळे उघडे. ताटात हात. घास तोंडात आहे, गिळत नाहीत. बोटं उघडत नाहीत. श्वास चालू. बजरंगने किनवटला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतात रक्त बरोबर, नाडी बरोबर. हात लावला तर — ज्ञानेश्वरीने वाक्य पुरं केलं नाही.

रानातले दगड विचारले. दारातून पाहून म्हणाली, आहेत.

तिला फोन धरून ठेवायला सांगितलं. माथ्यावरच बसून पिशवीतल्या भाकरीचा एक घास खाल्ला. फक्त एक. ती फोनवर होतीच. नाहीत, म्हणाली. आत्ता होते. आता नाहीत.

वर पाहिलं. समोर सतरा. अंगातून पाणी गळत होतं. चार-पाच पावलांचा हिशोब जवळचाच होता; लांब असले की एका घासात येतात.


८ जानेवारी, बुधवार

बजरंग आला. उतरला नाही. पाण्याचा जार खडकावर ठेवला. लांबूनच विचारलं, माझ्या मायला काय चारलं तुमी?  मग आवाज उतरवून म्हणाला, बसा होडीत, किनवटला सोडतो. गाडी धरा. जावा घरी.

मी नाही म्हटलं.

त्याला वाटलं, नकाशासाठी. अप्पांनाही तेच वाटेल. पहिल्या पानावर लिहिलं तेव्हा मलाही तेच वाटत होतं.

घरी गेले तर आई जेवायला वाढेल. शेजारी बसेल. लागलं तर घे म्हणत स्वतःही घास घेईल. निलंग्यापर्यंत सगळा रस्ताच आहे. पायाखाली रस्ता असला की ते चालतात.

घरी जाणार नाही.


९ जानेवारी, गुरुवार

खाल्लं नाही. परवापासून.

ते हलले नाहीत. सगळे एक्केचाळीस. खोलीभोवती, दोन हातांवर. मधून तिरकं होऊन जाता येतं. पाठ घासते. मला वाटलं होतं दगड गार असेल. कोमट आहे.

त्यांना म्हटलं, बसा. थांबायची सवय आहे तुम्हाला. मलाही होईल.

नकाशाचा पूर्व भाग पुरा. रेघ पट्टीने मारली.

बेट आजही सुंदर आहे. हे लिहायला हवं. पाणकावळे आहेत. उन्हात स्फटिक आहेत. यात बेटाचा दोष नाही. त्याला मीच जेवू घातलं. जेवायला बोलवायचं मला ठाऊक होतं. निरोप द्यायचं कुणी शिकवलं नाही, आमच्याकडे तशी वेळ येत नाही. आमच्याकडे पाहुणे पोट भरलं की आपणच उठतात.


१० जानेवारी, शुक्रवार

माथ्यावर अप्पांचा फोन. नागाबाईंकडे दिलेल्या घरच्या नंबरावर बजरंगने कळवलं असणार. रविवारी येतोय. न्यायला.

म्हटलं, येऊ नका. म्हणाले, लई झालं तुझं. सोन्यासारखी पोर, वाळून चाललीस म्हणं. म्हटलं, अप्पा, या बेटावर पाय ठेवू नका. म्हणाले, तुझ्या नकाशाला माझा पाय लागंल का?

आई मागून बोलत होती. डबा करून देते. धपाटे, दही. दोघं मिळून खावा तिथंच, म्हणावं, मगच निघा.

मी नाही म्हटलं. अप्पा म्हणाले, तुझं न्हाई मी लहानपणापासून ऐकून राहिलो. रविवारी बारापर्यंत पोचतो.

फोन बंद करून ठेवला त्यांनी. नंतर लागलाच नाही.


११ जानेवारी, शनिवार

पाचवा दिवस. पाण्यावर. अक्षर —

विहिरीत पोहायला अप्पांनीच शिकवलं. भोपळा बांधून. सोडून दिलं आणि काठावर बसून हसत राहिले. मी बुडाले नाही.

मला पोहता येतं. त्यांना येत नाही. दक्षिणेला रस्ता आहे. उत्तरेला रस्ता नाही. चाळीस फूट दोरी, तळ नाही.

यजमान जिथे जेवायला बसतो तिथे पाहुणा येतो. मग मी तिथे बसेन जिथे बसायला जागाच नाही.

तराफा तपासला. एका कोपऱ्याला तडा. चालेल. एक भाकरी शिल्लक आहे, वाळलेली. फडक्यात बांधली. त्यांच्याकडे पाहत बांधली. एकही —

नकाशा पुरा. सही केली, तारीख घातली. वीस दिवस आधी.


१२ जानेवारी, रविवार

अकरा. होडी निघाली त्या काठावरून. अप्पांचं मुंडासं ओळखू येतं. मांडीवर डबा.

त्यांच्यामधून तिरकी होऊन निघाले. सतराने बाही धरली असं वाटलं. फाटली. फाटू दे.

उत्तरेला आले. रिकामे खड्डे, दोन ओळी. तराफा पाण्यात. दोरी बोरीच्या बुंध्याला. कड्यापासून दहा फूट. वही प्लास्टिकमध्ये, गळ्यात. खाली डोह हिरवा, मग काळा.

फडकं सोडलं.

पहिला घास. खाली पाहते. चावते. कठीण.

वर पाहिलं. माथ्यावर — रांगेने — उन्हात. पंचवीस तरी. या. लवकर या. मला वेळ नाही.

दुसरा. तिसरा.

कड्यावर. अगदी कडेला. सगळे माझ्याकडे — तोंड नाही तरी —

चौथा.

पडला. आवाज नाही. पाणी उघडलं आणि मिटलं. तराफा वर खाली. आणखी. आणखी. अकरा — पंधरा —

पुन्हा वर येतायत का पाहते. बुडबुडे. नाही. नाही येत.

होडी वळसा घेतेय, इकडे. अप्पांनी मला पाहिलं. हात करतायत. बजरंग, तिकडेच थांब. ओरडता येत नाही, घशात भाकरी. हाताने सांगते, थांबा. थांबा तिथंच.

तीस. चौतीस. पाणी तराफ्यावर येतंय. तडा वाढला. वही वर धरून —

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

एक उरला. आकडा पुसलाय. कडेला थांबलाय. मी पाहते आहे म्हणून थांबलाय. घासही एकच उरलाय.

अप्पा आता होडीत उभे आहेत. डबा हातात. झाकणावर हात.

त्यांनी घास घ्यायच्या आधी मला संपवायला हवं.

अप्पा, नकाशा खोलीत, पेटीवर आहे. सरांना द्या. अर्ध्यात सोडलं नाही. फक्त उत्तरेचे खांब खोडा, सगळे, एकही ठेवू नका. मी शेवटचा घास घेते आणि खाली बघते. पोहून तुमच्याकडेच येते, पण तोपर्यंत झाकण